सामानाची यादी राहू द्या, आधी ठेका बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिप-हॉपमध्ये संगीत-निर्माता म्हणून सुरुवात कशी करावी, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. या विषयाला मराठी वृत्तपत्रात अर्धं पान मिळालं याचा आनंद आहेच. पण त्यातला बहुतेक भाग सामानाच्या यादीने खाल्ला: कुठला कीबोर्ड, कुठले स्पीकर, किती प्लगइन (संगीत-सॉफ्टवेअरला जोडायचे जादा आवाज आणि इफेक्ट). ती यादी वाचून एखादी सतरा वर्षांची मुलगी एक तर घरच्यांपाशी हट्ट धरेल, नाही तर नाद सोडून देईल. दोन्हींची गरज नाही. शिवाय सॅम्पलिंगबद्दलचं, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा आपल्या गाण्यात वापरण्याबद्दलचं, एक वाक्य सपशेल चुकीचं आहे. त्याकडे पुढे येतोच. हे काम करणाऱ्या आम्हा दोघांचं पत्र लांबलं आहे. काटछाट आपल्या हाती.

मराठीत ‘निर्माता’ म्हटलं की पैसा घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हिप-हॉपमध्ये रॅपर ज्याच्या बीटवर, म्हणजे शब्दांमागच्या संगीतावर, बोलतो तो निर्माता. ठेका, खर्ज, सुरावट, गाण्याचा आराखडा आणि पुष्कळदा आवाजाचं रेकॉर्डिंगही त्याच्याकडेच. नुसती बीट करून देणारा बीटमेकर आणि गाणं शेवटास नेणारा प्रोड्यूसर असा फरक या धंद्यात करतात, पण सुरुवात सगळ्यांची बीटपासून होते.

हे संगीत वाढलं तेच टंचाईत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीतल्या पार्टीत डीजे कूल हर्क रेकॉर्ड वाजवत होता. त्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात. गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा, म्हणजे ब्रेक, लोकांना नाचायला आवडतो हे त्याने हेरलं होतं. पण तो तुकडा काही सेकंदांत संपायचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून ब्रेक लांबवण्याची युक्ती काढली. पुढे १९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० हे सॅम्पल घेऊन वाजवणारं ड्रम मशीन आलं. त्यात सॅम्पल साठवायला एकूण जेमतेम १० सेकंद होते. त्यावर उतारा असा, की मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर पळवून यंत्रात घ्यायची आणि आत पुन्हा संथ करायची. त्याच जागेत पस्तीस टक्के जास्त ऐवज बसतो. १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झवर घेतलेला तो आवाज संथ केला की खरबरीत व्हायचा, आणि तो खरबरीतपणाच लोकांना भावला. आज त्या टंचाईचा आवाज देणारी प्लगइन पैसे मोजून घेतली जातात, हा त्यातला विनोद.

तेव्हा यादी छोटी करू या. ८ जीबी रॅमचा संगणक (१६ असेल तर सुख), बंद कपांचे बरे हेडफोन आणि एक संगीत-सॉफ्टवेअर. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, लॉजिक, रीपर यांपैकी कुठलंही चालेल. गॅरेजबँड किंवा बँडलॅबवर फुकटातही पहिलं वर्ष निघतं. ‘कुठलं चांगलं’ या वादात महिने जातात. एक धरा आणि सहा महिने सोडू नका. त्याच्या कळा बोटांत बसल्या की डोकं संगीताकडे मोकळं होतं. दाबाचा जोर ओळखणारा सोळा पॅडचा किंवा पंचवीस पट्ट्यांचा, संगणकाला जोडायचा छोटा कंट्रोलर ही दुसऱ्या टप्प्यातली खरेदी. माइक तर रॅपर समोर उभा राहीपर्यंत नकोच.

स्पीकरबद्दल लेखात ‘मोठे घ्या’ असं म्हटलं होतं. लहान खोलीत हा सल्ला नडतो. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असेल तर त्या दिशेची पहिली स्थिर लहर साधारण ५७ हर्ट्झला तयार होते, आणि हिप-हॉपचा खर्ज बरोबर त्याच मुलखात राहतो. खोलीच्या मध्यावर ऐकणाऱ्याला तो स्वर जवळजवळ गायब वाटतो, भिंतीपाशी तोच घुमतो. मध्यावर बसलेला माणूस बेस वाढवत नेतो आणि दुसरीकडे ती बीट लावली की काचा थरथरतात. ही चूक कानाची नाही, खोलीची आहे. हेडफोनवर निदान खोली मध्ये येत नाही.

आणखी एक तांत्रिक अडथळा पहिल्याच दिवशी गाठतो: पॅड दाबल्यावर आवाज उशिरा येतो. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर, म्हणजे आवाज वाजण्याआधी साठवायचा तुकडा, १०२४ नमुन्यांचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला नुसत्या बफरचाच उशीर २३ मिलिसेकंद होतो. तो १२८ वर आणला की ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. वाजवताना बफर लहान ठेवा. शेवटी मिक्स करताना संगणक कुरकुरू लागला, आवाज तुटू लागला, की पुन्हा मोठा करा. हे माहीत नसलेले कित्येक जण आपला हातच बेताल आहे असं समजतात.

आता मुख्य काम. पहिला महिना फक्त ड्रम. सुरावट नाही, बेस नाही. ड्रमचे हजारो आवाज फुकट मिळतात, त्यांतून तीन किक (पायाने वाजवायचा जड ड्रम), तीन स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), दोन हाय-हॅट (झांजांची जोडी) निवडा आणि बाकीचे फोल्डर बंद करा. टेम्पो ९०, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा, ठेवा. चार मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे एक बार, २.६७ सेकंदांचा होतो. त्याची सोळा घरं करा, एका मात्रेत चार. स्नेअर ५ आणि १३ वर. किक १, ८ आणि ११ वर. हाय-हॅट सगळ्या विषम घरांवर. एवढं मांडलं की जे ऐकू येतं ते बरोबर असतं आणि निर्जीव असतं. ते निर्जीव का वाटतं, हे समजून घेण्यात निम्मं शिक्षण आहे.

एक कारण म्हणजे जोर. प्रत्येक ठोका सारख्याच ताकदीने वाजतोय. हा जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. मात्रेवरची हाय-हॅट १०० ला ठेवा, मधली ६५ ला. दोन मुख्य स्नेअरच्या मधल्या जागेत, म्हणजे ८ किंवा १० व्या घरात, २५ ते ४० जोराचा एखादा हलका स्नेअर टाका. तो वेगळा ऐकू येऊ नये, पण काढला की काहीतरी गेलंसं वाटावं.

दुसरं कारण स्विंग. रॉजर लिन यांनी ड्रम मशीनमध्ये आणलेली आणि त्यांच्याच आराखड्याच्या, १९८८ सालच्या अकाई एमपीसी-६० या यंत्रामधून घराघरांत पोचलेली ही कल्पना साधी आहे: दोन-दोन घरांची जोडी धरायची आणि जोडीतलं दुसरं घर थोडं उशिरा वाजवायचं. ५० टक्के म्हणजे सरळ. ९० च्या टेम्पोला एक जोडी ३३३ मिलिसेकंदांची. ५४ टक्के केलं की दुसरं घर १३ मिलिसेकंद उशिरा येतं, ५८ ला २७ मिलिसेकंद, आणि ६६ ला जवळजवळ तिगुन होते, म्हणजे जोडीचे तीन भाग धरले तर दुसरं घर तिसऱ्या भागावर पडतं. ५४ ते ५८ हा पट्टा नव्याने करणाऱ्यासाठी पुरेसा आहे.

इथेच नवशिका हमखास फसतो. स्विंगची कळ फिरवतो आणि जवळजवळ काहीच बदलत नाही. कारण स्विंग फक्त सम घरांना हलवतो, आणि वरच्या मांडणीत सम घरात एकटी ८ वरची किक आहे. हाय-हॅट सगळ्या विषम घरांवर, त्या हलणार कशा? सम घरांत हलक्या हाय-हॅट किंवा ते दबके स्नेअर टाका, मग तीच कळ फिरवून पाहा. उलट अडचणही येते. जुन्या रेकॉर्डमधून घेतलेल्या तुकड्यात मूळ वादकांचा झोल असतोच. त्यावर आपला वेगळा स्विंग चढवला की दोन ठोके एकमेकांवर अडखळतात. अशा वेळी आपला स्विंग सरळ, म्हणजे ५० टक्क्यांवर आणा आणि तुकड्यातल्या ठोक्यांपाशी आपले ठोके हाताने सरकवा.

तिसरी गोष्ट, सरकवण्याची. स्नेअर ८ ते १० मिलिसेकंद मागे ओढला की बीट रेलून बसते, पुढे ढकलला की घाई वाटते. पण सरकवायचं एकच वाद्य. सगळीच मागे सरकवली तर काहीच सरकलं नाही. जे डिला या निर्मात्याचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं. त्याचं एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ठोके आपोआप सरळ करणारं क्वांटाइझ तो बरेचदा बंद ठेवायचा असं सांगितलं जातं. त्याचं अनुकरण म्हणून सॉफ्टवेअरमधलं ‘रँडम’ बटण दाबणं हा मात्र शुद्ध आळस आहे. रँडममध्ये दर बारला वेगळी चूक होते आणि ती ऐकणाऱ्याच्या अंगात भिनत नाही. तीच चूक त्याच जागी पुन्हा पुन्हा आली की तिची लय होते.

वरचं सगळं ८५ ते ९५ टेम्पोच्या, बूम-बॅप म्हणवल्या जाणाऱ्या ढंगाचं. ट्रॅप या दुसऱ्या ढंगात टेम्पो १४० लिहितात आणि मान ७० ला हलते: टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर नाही, तिसऱ्या मात्रेवर एकदाच. जोर हाय-हॅटच्या फुगड्यांवर, म्हणजे भराभर पडणाऱ्या ठोक्यांच्या झुबक्यांवर. १४० ला बारच्या बत्तिसाव्या भागाचे ठोके ५४ मिलिसेकंदांच्या अंतराने पडतात. त्यात तिगुन मिसळली, स्वर जरा चढवत-उतरवत नेला की झालं. फक्त प्रत्येक बारमध्ये फुगडी नको. चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या बारच्या शेवटी पुरे.

ट्रॅपचा खर्ज ८०८ चा. रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० ते १९८३ एवढंच बनलं, पण त्याच्या किकचा लांबत जाणारा घुमारा आज वेगवेगळ्या स्वरांवर वाजवून बेस म्हणून वापरतात. नव्या लोकांच्या बीट्स सर्वांत जास्त इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

८०८ ला स्वर आहे, हेच आधी विसरलं जातं. सॅम्पल पॅकमधून, म्हणजे आवाजांच्या तयार संचातून घेतलेलं सॅम्पल कुठल्या स्वरात आहे हे ट्यूनर लावून तपासा आणि सॅम्पलरमध्ये (सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याचा मूळ स्वर तोच नोंदवा. नाही तर पट्टी दाबाल एफ आणि वाजेल भलतंच. सुरावट बेसूर वाटेल आणि दोष कशाचा ते कळणार नाही. स्वराची निवडही महत्त्वाची. खालचा ई ४१ हर्ट्झ, एफ ४३.७, जी ४९, ए ५५. हा पट्टा वजनदार लागतो. त्याखालचा सी ३२.७ वर येतो, तो बहुतेक स्पीकर उच्चारतच नाहीत. आणि वरचा सी ६५ वर, तिथे पोटातला धक्का कमी होतो. म्हणून पुष्कळ निर्माते आधी खर्ज कुठे बसेल ते पाहतात आणि मग गाण्याची पट्टी ठरवतात.

दुसरी चूक शेपटीची. एका ठोक्याचा घुमारा संपण्याआधी दुसरा स्वर वाजला की दोन खर्ज एकमेकांत मिसळून चिखल होतो. सॅम्पलर मोनो करा, म्हणजे नवा स्वर जुन्याला कापेल. एका स्वरावरून दुसऱ्यावर मिंड हवी असेल तर ग्लाइड चालू करून दोन स्वर किंचित एकावर एक ठेवा. तिसरी चूक किकची. किक आणि ८०८ एकाच क्षणी, एकाच पट्ट्यात भांडतात. एक तर ८०८ च्या सुरुवातीच्या ठोक्यालाच किक समजा, किंवा किक आखूड, टकटकीत निवडा आणि ती वाजताक्षणी ८०८ साइडचेनने (एका आवाजाने दुसरा आपोआप दाबण्याच्या सोयीने) ४ ते ६ डेसिबल दाबा, ६० ते ८० मिलिसेकंदांत परत वर येऊ द्या. त्यापूर्वी दोघांपैकी एकाची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची दिशा, उलटी करून ऐका. दोन स्थितींपैकी जिथे ठोका भरदार वाटतो ती ठेवा. कधी कधी तेवढ्यानेच काम होतं आणि पुढचं काही लागत नाही.

चौथी तक्रार सगळ्यांची: ‘फोनवर बेस ऐकूच येत नाही.’ येणार नाही. ४४ हर्ट्झ फोनच्या इवल्याशा स्पीकरच्या आवाक्यात नाही. आवाज वाढवून उपयोग नाही, सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) लावा. त्याने ८८, १३२, १७६ हर्ट्झ आणि त्यावरचे उपस्वर तयार होतात. फोन त्यांतले वरचे वाजवतो आणि खालचा मूळ स्वर कान मनाने भरून काढतो. शेवटी, बेस सोडून बाकी सगळ्या सुरावटींचा १२० ते १५० हर्ट्झखालचा भाग हाय-पास फिल्टरने काढून टाका. पियानोच्या डाव्या हाताचा मोह सोडावा लागतो.

सॅम्पलिंगबद्दल. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा घेऊन तो कापून, उलटापालटा करून नवं काही उभं करणं ही या संगीताची मूळ कला. आधी तुकड्याचा टेम्पो मोजा. तो ८० चा असेल आणि आपली बीट ९० ची, तर रेकॉर्ड पळवल्यासारखी गती वाढवली की स्वर दोन सेमीटोन चढतो. टाइम-स्ट्रेच केलं तर स्वर तोच राहतो, पण आवाजाला पाणचटपणा येतो. आमचा कौल पहिल्याला. चढलेल्या स्वरात गाणाऱ्याचा आवाज बारीक होतो, तेही एक रूप आहे. मग ठोक्यांच्या आरंभावर काप देऊन तुकडे पॅडवर ठेवा आणि सगळ्यांना एकाच चोक गटात टाका, म्हणजे नवा तुकडा वाजला की आधीचा थांबेल. कापाच्या जागी ‘टक’ असा आवाज आला तर काप लहरीच्या मध्यरेषेवर बसलेला नाही. २ ते ५ मिलिसेकंदांचा फेड दिला की जातो. तुकड्यातला मूळ बेस दीड-दोनशे हर्ट्झखाली कापा, नाही तर आपल्या बेसशी त्याचं जमत नाही. आणि पट्टी बरोबर असूनही ८०८ बेसूर वाटला, तर जुनी रेकॉर्ड पुष्कळदा आजच्या प्रमाण सुरावर (ए म्हणजे ४४० हर्ट्झ) नसते हे आठवा. ती वीस-तीस सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) इकडे-तिकडे असू शकते. सॅम्पल सेंटमध्ये हलवून जुळवा.

आता ते चुकीचं वाक्य. ‘काही सेकंदांपर्यंतचं सॅम्पल विनापरवानगी चालतं’ असं लेखात आहे. असा सेकंदांचा सर्वमान्य नियम कुठेही नाही. अमेरिकेत, जिथे हे खटले सर्वाधिक गाजले, तिथे १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या निकालाने विनापरवाना सॅम्पलिंगला थेट चोरी म्हटलं आणि त्याचा अल्बम बाजारातून काढावा लागला. २००५ मध्ये सहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे तिथला न्यायालयीन विभाग) अपील न्यायालयाने दोन सेकंदांच्या, स्वर उतरवून वापरलेल्या गिटारच्या तुकड्यावर निकाल दिला: परवाना घ्या, नाही तर सॅम्पल करू नका. २०१६ मध्ये नवव्या सर्किटने पाव सेकंदाहून छोट्या ब्रास वाद्यांच्या तुकड्याबाबत याच्या उलट कौल दिला. म्हणजे एकाच देशातली दोन न्यायालयं एकमत नाहीत. नवशिक्याने त्यांच्या मधे उभं राहू नये.

परवानग्या दोन लागतात, हेही लेखात नव्हतं. एक रेकॉर्डिंगच्या मालकाची, दुसरी रचनेच्या मालकाची. बहुधा दोघे वेगवेगळे असतात. तीच सुरावट स्वतः नव्याने वाजवून घेतली तर पहिली लागत नाही, दुसरी लागतेच. आणि परवानगीचे पैसे खऱ्या वादकापर्यंत पोचतातच असं नाही. विन्स्टन्स या बँडच्या १९६९ सालच्या रेकॉर्डवरचा ड्रमर ग्रेगरी कोलमनचा जेमतेम सात सेकंदांचा ब्रेक जगात सर्वाधिक सॅम्पल झालेल्या तुकड्यांत मोजतात. त्याला त्याचा मोबदला मिळाला नाही. शिकताना घरी हवं ते कापा. प्रसिद्ध करायचं असेल तर परवाना असलेली सॅम्पल पॅक घ्या आणि परवान्याचा मजकूर बीटच्याच फोल्डरमध्ये जपून ठेवा. तोच लूप आणखी शंभर जणांनी वापरलेला असतो. गाणी ऑनलाइन ऐकवणाऱ्या संस्थांची स्वयंचलित यंत्रणा कधी तुमच्या गाण्यावर दुसऱ्याचा हक्क दाखवते, तेव्हा तो कागद कामी येतो. लूप जसाच्या तसा न ठेवता कापून, स्वर बदलून वापरला तर हा त्रास कमी होतो. आणि बीट तुमची वाटते, हा फायदा वेगळा.

आठ बारचा सुंदर लूप सगळ्यांकडे असतो. पुरं झालेलं गाणं थोड्यांकडे. कारण लूपमध्ये भर घालत बसण्याची सवय. उलट करा. सगळी वाद्यं असलेले आठ बार म्हणजे हुक, गाण्यात परत परत येणारा भाग, समजा. ते पूर्ण लांबीभर पसरवा आणि मग काढायला लागा. चार बार सुरुवात, सोळा बार कडवं, आठ हुक, पुन्हा सोळा आणि आठ, चार बार शेवट: छप्पन्न बार, ९० च्या टेम्पोला २ मिनिटं २९ सेकंद. कडव्यात सुरावटीचा एखादाच थर ठेवा. दर चार-आठ बारांनी काहीतरी एक बदलू द्या, मग ते एका हाय-हॅटचं जाणं का असेना. हुकच्या आधीच्या अर्ध्या बारमध्ये ड्रम पूर्ण थांबवा. ती शांतता कुठल्याही दणक्यापेक्षा जोरात लागते.

रॅपरसाठी जागा सुटली आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे. बीट लावा आणि आपल्याच वर्तमानपत्रातली एखादी बातमी तिच्यावर मोठ्याने वाचा. शब्द ऐकायला कष्ट पडले तर दोष शब्दांचा नाही. मानवी आवाज जिथे स्पष्ट होतो त्या १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तुमची सुरावट गर्दी करते आहे. तिथे २-३ डेसिबल उतरवा, किंवा वाद्य एक सप्तक खाली-वर हलवा. सर्वांत बरं, ते कडव्यातून काढाच. नुसती ऐकताना किंचित रिकामी वाटणारी बीट रॅपरला हवी असते. नव्या निर्मात्याला हे पटायला वेळ लागतो, कारण तो बीट मित्रांना नुसतीच ऐकवतो.

मिक्सबद्दल थोडक्यात. किकपासून सुरुवात करा, एकूण आवाजाचं टोक मास्टरवर (सगळी वाद्यं एकत्र येतात त्या शेवटच्या वाहिनीवर) उणे ६ डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. मोनोत, म्हणजे डावा-उजवा आवाज एक करून, ऐका; जे वाद्य गायब होईल ते नकली रुंदीचं आहे. बारीक आवाजात काम करा, मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं. शेवटी लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावून आवाज ठेचण्यात अर्थ नाही. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं. ठेचलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि ठेचलेलंच राहतं.

रेकॉर्डिंगची वेळ आली की माइकपासून तोंड १५ ते २० सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर (तोंडाचा वारा अडवणारी जाळी), २४ बिट, टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबल दरम्यान. खोलीत प्रतिध्वनी असेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून उभं राहावं, म्हणजे माइकच्या तोंडासमोर कापड येतं. बाथरूम नको, तिथला घुमारा नंतर कुठल्याही प्लगइनने निघत नाही. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, डायनॅमिकला लागत नाही. न सजवलेल्या खोलीत डायनॅमिकच बरा.

बीट दुसऱ्याला देताना प्रत्येक वाद्याची वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल द्या. सगळ्या एकाच शून्यापासून सुरू होणाऱ्या, मास्टरचा लिमिटर काढलेल्या, नावात टेम्पो आणि पट्टी लिहिलेल्या. प्रोजेक्ट जपताना त्यात वापरलेली सॅम्पल्स त्याच फोल्डरमध्ये गोळा करून घ्या; वर्षभराने उघडल्यावर ‘फाइल सापडत नाही’ याहून वाईट संदेश या धंद्यात नाही. लीज आणि एक्स्क्लुझिव्ह यांतला फरक लेखी असू द्या: लीजवर दिलेली बीट तुम्ही आणखी लोकांना देऊ शकता, एक्स्क्लुझिव्ह दिल्यावर नाही. तीच बीट दोन रॅपरांना एक्स्क्लुझिव्ह म्हणून गेली की मैत्री आणि नाव दोन्ही जातं. रचनेतला अर्धा वाटा बीटचा धरण्याचा प्रघात आहे. पण प्रघात म्हणजे करार नव्हे. गाणं रेकॉर्ड झालं त्याच दिवशी टक्केवारी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात.

सेकंदांच्या नियमाबद्दलच्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत ठळक छापावी, एवढी विनंती. सामानाच्या यादीचं नंतर पाहता येईल.

आपले,
बीट बनवणारे दोन वाचक